मशीन म्हणतं चरबी ३७ टक्के. मग?

या महिन्याच्या टपालात गुडघे कमी आणि चरबी फार. घोडबंदर रोडच्या मोठ्या सोसायट्यांपासून थेट सानपाड्यापर्यंतची पत्रं, आणि कथा साधारण एकच. रविवारी क्लबहाऊसमध्ये टेबल मांडलं, काट्यावर अनवाणी उभं केलं, हातात दांडी दिली आणि एक चिठ्ठी छापून आली. चिठ्ठी वाचून बाई घाबरली. घाबरलेल्या बाईला कुणीतरी काहीतरी विकलं, किंवा विकायचा प्रयत्न केला.

सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. काही पत्रं निवडलीत. पहिल्याला जास्त जागा देते, कारण त्या बाईंनी रिपोर्टच्या झेरॉक्स जोडल्यात आणि त्यात जे लिहिलंय ते त्यांना कुणी वाचून दाखवलेलं दिसत नाही.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी घणसोलीला राहते. वय ४४, बँकेत नोकरी. आमच्या सोसायटीच्या शिबिरात मशीनवर बॉडी फॅट ३६.८ टक्के, व्हिसरल फॅट ११ आणि बॉडी एज ५८ आलं. तिथली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, तुम्हाला दोन-तीन वर्षांत मेटाबॉलिक सिंड्रोम होणार’, आणि तीन महिन्यांची पावडर सुचवली. मंगळवारी संध्याकाळी वाशीच्या एका जिममध्ये मोजलं तर फॅट ३१.९! कुठलं खरं? उंची १५६ सेंमी, वजन ६४ किलो, कंबर ८४ सेंमी. बँकेच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट पाठवते. त्यात ट्रायग्लिसराइडचा आकडा ठळक छापलाय, बाकी सगळं नॉर्मल आहे.

उत्तर : मशीनकडे नंतर येऊ. आधी तुमचे रिपोर्ट, कारण बाकी सगळं नॉर्मल नाही.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे वेगळा असा एक आजार नव्हे. पाच गोष्टी बघायच्या आणि त्यातल्या तीन बिघडलेल्या असल्या की हे नाव द्यायचं, असं २००९ साली जगातल्या मोठ्या हृदयरोग आणि मधुमेह संघटनांनी मिळून ठरवलं. आपल्याकडच्या बाईसाठी त्या पाच अशा : कंबर ८० सेंटिमीटर किंवा जास्त, उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड (रक्तात फिरणारी चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ५०च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा त्यावर (वरचा किंवा खालचा, एक आकडा ओलांडला तरी पुरे), आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यातल्या एखाद्यासाठी गोळी चालू असेल तर आकडा चांगला दिसला तरी तो निकष लागू झाला असंच धरतात.

आता तुमची झेरॉक्स. ट्रायग्लिसराइड १६८. एचडीएल ४६. साखर १०३. कंबर ८४. रक्तदाब १२४/८०, तेवढा एक बरा. पाचपैकी चार. त्या मुलीने दोन-तीन वर्षांनंतरचं भाकीत केलं. तुमच्या कपाटातल्या फाइलमध्ये ते आधीच छापून ठेवलेलं होतं.

मग लॅबने एचडीएल आणि साखर ठळक का केली नाही? बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर एचडीएलची सीमा बायका आणि पुरुष दोघांना एकच, ४०, छापलेली असते. बाईचं एचडीएल मुळात पुरुषापेक्षा जास्त असतं, म्हणून आपल्याला ५०ची पट्टी लावायची. साखरेची वरची सीमा काही ठिकाणी अजून ११० असते. तुमच्या झेरॉक्सवर दोन्ही तशाच आहेत, मी बघितलं. कॉम्प्युटर आपल्याकडे असलेल्या सीमेशी तुलना करतो आणि गप्प बसतो. माझ्या नौपाड्याच्या दवाखान्यात ‘सगळं नॉर्मल’ म्हणून फाइल पुढे करणाऱ्या बायकांत हे नेहमीचं आहे, म्हणून मी ठळक अक्षरं बघतच नाही, आकडे बघते.

घाबरू मात्र नका. हे नाव लागलं म्हणून आज तुमच्यात काही नवीन बिघडलेलं नाही. या नावाचा उपयोग किती, यावर डॉक्टरांतही वाद आहे. अमेरिका आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी २००५ मध्येच विचारलं होतं की पाच गोष्टी सुट्या सुट्या बघून उपचार केले तर या एकत्र नावाने जास्तीचं काय मिळतं. माझं मत विचाराल तर एवढं मिळतं की ‘साखर जराशीच वर आहे’, ‘एचडीएल जरासंच खाली आहे’ असं म्हणून सोडून दिलेली चार ‘जरासं’ एका ओळीत उभी राहतात.

आता मशीन. ते चरबी मोजतच नाही. अंगातून अगदी क्षीण वीज सोडतं आणि तिला किती अडथळा झाला ते मोजतं. स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर, तिथून वीज सहज जाते. चरबीतून नीट जात नाही. एवढंच त्याला कळतं. पुढचं सगळं, टक्के, व्हिसरल (पोटाच्या आतली चरबी), बॉडी एज, हे उंची, वजन, वय, लिंग आणि तो अडथळा एका सूत्रात घालून काढलेलं गणित आहे. प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं. ज्या मशीनवर फक्त पाय ठेवायचे असतात त्यात वीज एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. पोटाची खबर तिला जवळजवळ लागतच नाही, आणि आपला प्रश्न तर पोटाचाच! हातात दांडी असेल तर जरा बरं.

शिवाय पाणी. रविवारी पोहे-चहा घेऊन खाली उतरलात की पाणी न पिता उतरलात, मंगळवारी ट्रेडमिलनंतर उभ्या राहिलात की आधी, पाळी जवळ आली होती का, पाय सुजले होते का, यातल्या कशानेही आकडा हलतो. त्यात मशीनच दुसरं. त्यामुळे ३६.८ आणि ३१.९ यांत खरं कुठलं, हा वाद सोडून द्या. व्हिसरलचा ११ हा टक्केवारीचा आकडा नाही, त्या कंपनीने केलेली श्रेणी आहे. बॉडी एज ५८ हे विसरून जा. त्याचा वैद्यकात काहीही उपयोग नाही, विक्रीत असेल. घरात असं मशीन असेलच तर त्याच एका मशीनवर, सकाळी शौचानंतर, उपाशीपोटी, महिन्यातून एकदा उभ्या राहा आणि सहा महिन्यांत आकडा कुठल्या दिशेने सरकतो ते बघा. तेवढ्यापुरतं ते कामाचं आहे. पेसमेकर असलेल्यांनी मात्र त्यावर उभं राहू नये, आणि गरोदरपणातही नको.

चरबी साठणं हा काही गुन्हा नाही. मांड्या आणि नितंबांवर कातडीखाली साठलेली चरबी बऱ्यापैकी सज्जन असते. ज्यांच्या मांड्या भरलेल्या आणि कंबर बारीक, अशांना साखर आणि हृदयरोगाचा धोका कमी दिसतो. पण तुर्भ्याच्या मार्केटात गाळा भरला की पोती पॅसेजमध्ये येऊन पडतात, तसं कातडीखालची जागा पुरेनाशी झाली की चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि थेट यकृतात जाऊन बसते. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटलेली मेदाम्लं आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतून सरळ यकृतात पोचतात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं, त्यापाठोपाठ एचडीएल घसरतं. इन्शुलिन ‘आता साखर सोडणं थांबव’ म्हणून सांगतं, यकृत ऐकत नाही. म्हणून रात्रभर तुम्ही काहीच खाल्लेलं नसताना सकाळी साखर १०३. तुमचे बिघडलेले आकडे एकाच ठिकाणाहून येतात, ते असं.

चव्वेचाळिसावं वर्ष हाही त्यातला एक भाग आहे. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, आणि त्याच्या आधीपासून इस्ट्रोजेन कमी-जास्त व्हायला लागतं. तोवर मांड्यांकडे जाणारी चरबी पोटाकडे वळते. वजनाचा काटा तिथल्या तिथे आणि सलवारीची नाडी मात्र पुरत नाही, असं बायका सांगतात ते खरंच आहे.

करायचं काय? तुमच्या डॉक्टरांकडे हे रिपोर्ट घेऊन जा. उपाशीपोटी साखर पुन्हा एकदा, सोबत एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). थायरॉइड मंद असेल तरी ट्रायग्लिसराइड चढतं. गरोदरपणात साखर वाढली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वाढली असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, त्याने हिशेब बदलतो. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा.

आणि चाला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने साखर सीमेवर असलेल्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षं पाठपुरावा केला, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नुसता जुजबी सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. चालणं आणि खाणं बदलायला लावलेल्यांत ३९ टक्क्यांना. मला त्यातलं आवडतं ते हे की या दुसऱ्या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. तेव्हा वजनाचा काटा हलत नाही म्हणून चालणं सोडायचं नाही. आठवड्याला अडीच तास भराभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंना जोर लावणारा व्यायाम, एवढं धरा. घणसोलीहून बँकेत जाता-येता एखाद्या स्टॉपचं अंतर पायी जमेल. खाण्यात तुमच्या ट्रायग्लिसराइडचा खरा शत्रू तूप नव्हे, तर साखर, मैदा आणि रात्री साडेनऊचा भाताचा डोंगर. चहातली साखर, चहाबरोबरचे टोस्ट, उपवासाची साबुदाणा खिचडी इथून सुरुवात करा.

पावडर नको. जेवणाऐवजी घेतली की वजन उतरतं, हे खरं. जेवायला लागलात की परत येतं. तीन महिन्यांनी काय तपासायचं तर कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि साखर. मशीनवरची टक्केवारी नाही.

प्रश्न : कंबर नक्की कुठे मोजायची? परकराची नाडी बांधतो तिथे की बेंबीवर? (बऱ्याच जणींचा प्रश्न, एकीने जीन्सचा नंबर कळवलाय.)

उत्तर : जीन्सच्या नंबरावर विश्वास नको. हल्ली कंपन्या गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून ३२च्या जीन्सवर ३० लिहितात. बेंबीही नको, पोट सुटलं की ती खाली उतरते. नाडीही नको, ती प्रत्येकीची वेगळ्या जागी.

आरशासमोर उभ्या राहा, गाऊन वर. कुशीला बोटांनी चाचपा : सगळ्यात खालची बरगडी लागेल, आणि खाली कमरेच्या हाडाची वरची कड लागेल. या दोहोंच्या मधोमध टेप. मागून वर चढलेली नाही ना, ते आरशात बघा. पाय किंचित लांब, श्वास नेहमीसारखा सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत घ्यायचं नाही; कुणी बघत नाहीये. टेप अंगाला टेकावी, रुतू नये. दोनदा मोजा. शिवणाच्या डब्यातली जुनी कापडी टेप ताणलेली असते, ती स्टीलच्या पट्टीशी एकदा ताडून घ्या. ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच.

प्रश्न : मी संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पाचपाखाडीला असते. शरीरातल्या चरबीच्या मोजमापावरून स्त्रियांतल्या मेटाबॉलिक सिंड्रोमचं भाकीत करता येतं, अशा अर्थाचं हल्ली बरंच वाचनात येतं. माझी शंका अशी : कंबर हा जर त्या व्याख्येचाच एक निकष असेल, तर कंबरेवरून भाकीत उत्तम जमणारच. यात सिद्ध काय झालं? आणि ‘भाकीत’ म्हणजे पुढचं की आत्ताचं?

उत्तर : बाई, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिली. ज्या अभ्यासात सिंड्रोमच्या व्याख्येतून कंबर काढून टाकलेली नसते, तिथे कंबर जिंकणारच, ती स्वतःच परीक्षक मंडळात बसलेली आहे. प्रामाणिक पद्धत म्हणजे कंबर बाजूला ठेवून उरलेल्या चारांपैकी किती बिघडले, ते बघायचं. तसं केलं तरी पोटाची चरबी आणि हे चार यांचं नातं टिकतं, म्हणून विषय पोकळ नाही. गंमत अशी की जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ‘सिंड्रोम एक्स’ मांडला तेव्हा त्यात लठ्ठपणा धरलाच नव्हता. त्यांचा भर इन्शुलिनला न जुमानणाऱ्या पेशींवर होता. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने नेमकं उलट केलं, कंबर सक्तीची केली. २००९ मध्ये सक्ती गेली आणि ती पाचांतली एक झाली. म्हणजे कुठली व्याख्या घेतली यावर ‘भाकीत किती अचूक’ हे बरंचसं ठरतं. पोटावरची चरबी आणि मांड्यांवरची चरबी यांचा धोका वेगळा, हे निरीक्षण मात्र या सगळ्याच्या आधीचं. मार्सेच्या ज्याँ वाग यांनी ते १९४७ मध्ये लिहिलं.

दुसरी. बहुतेक अभ्यासांत एकाच दिवशी चरबी मोजतात आणि त्याच दिवशी रक्त घेतात. ते भाकीत नव्हे, ओळख पटवणं झालं. खऱ्या भाकितासाठी आज निरोगी असलेल्या बायकांची चरबी मोजून पाच-दहा वर्षं त्यांच्या मागे राहावं लागतं. असे अभ्यास आहेत, पण कमी.

आणि तिसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुम्हाला ती नक्की ठाऊक असणार, इतरांसाठी लिहिते. समजा एखादा चरबीचा आकडा असा निवडला की तो शंभर बाधित बायकांतल्या ८० पकडतो आणि शंभर निरोगींतल्या ७० जणींना बरोबर सोडून देतो. कागदावर छान वाटतं. आता आपल्या वयाच्या शंभर बायका घ्या, त्यात ३० जणींना खरंच सिंड्रोम आहे असं धरू. मशीन २४ पकडेल, सहा निसटतील, आणि ७० निरोगींपैकी २१ जणींना विनाकारण घाबरवेल. तेच मशीन कॉलेजच्या मुलींपुढे ठेवा, जिथे शंभरात दहाच बाधित : आठ पकडल्या, २७ फुकट घाबरवल्या. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण मशीन तेच, सूत्र तेच, आणि चिठ्ठीची किंमत मात्र कुणाच्या हातात पडली यावर ठरते. सोसायटीतल्या टेबलावर हे कुणी सांगत नाही.

कंबर आणि ट्रायग्लिसराइड एकत्र धरणारा एक निर्देशांक आहे, २००५ मध्ये सुचवलेला. बाईच्या कंबरेतून ५८ वजा करायचे आणि उरलेल्याला ट्रायग्लिसराइडने, ते मिलिमोल या एककात घेऊन, गुणायचं. आकडा बऱ्यापैकी चालतो. पण त्यासाठी रक्त घ्यावं लागतंच, आणि रक्त घेतलंच आहे तर साखर आणि एचडीएलही कळतात की! इथेच माझा या सगळ्या भाकितांवरचा आक्षेप आहे. हृदयविकाराचा झटका दहा वर्षांनी येईल का, याचं भाकीत करायला अर्थ आहे, कारण तो आज मोजता येत नाही. मेटाबॉलिक सिंड्रोम आज सकाळी गल्लीतल्या लॅबमध्ये उपाशीपोटी जाऊन, एक टेप आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन मोजता येतो. जिथे लॅबच नाही अशा ठिकाणी शंभर बायकांतून कुणाला आधी तालुक्याला पाठवायचं हे ठरवायला चरबीची मापं उत्तम. ठाण्यात, जिथे प्रत्येक नाक्यावर लॅबचं कलेक्शन सेंटर आहे, तिथे अंदाज कशाला?

प्रश्न : डॉक्टर, मी २६ वर्षांची, ऐरोलीला आयटीत आहे. उंची १५०, वजन ४७.५, कंबर ७८. सगळे मला काडी म्हणतात. ऑफिसच्या हेल्थ वीकमध्ये फॅट ३३ टक्के आलं, मैत्रिणी हसल्या. आई-बाबा दोघांना डायबेटिस आहे. पाळी चाळीस-पन्नास दिवसांनी येते, हनुवटीवर केस येतात. मी डाएट करू का?

उत्तर : मैत्रिणींना हसू दे, तू तपासणी करून घे.

तुझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २१ येतो, म्हणजे आपल्या भारतीयांसाठी ठेवलेल्या २३च्या रेषेच्याही आत. पण बीएमआयला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. सडपातळ दिसणारा आणि आतून चरबी बाळगणारा भारतीय माणूस जगाने त्या फोटोत पाहिला. ते दोघे पुरुष होते. बाईची चरबी निसर्गतःच बरीच जास्त असते, म्हणून तुझे ३३ ऐकून दचकू नकोस. शिवाय मशीनच्या आकड्याचं मी वर लिहिलंच आहे.

मला तुझ्या कंबरेचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. ७८ म्हणजे ८०च्या आत, म्हणजे पास. पण ८०ची पट्टी पाच फूट सातलाही तीच आणि तुलाही तीच. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, हा साधा नियम लावला तर तुझी सीमा ७५ येते, आणि तू तीन सेंटिमीटर पुढे आहेस. आपल्या बुटक्या बायकांसाठी मी हाच नियम वापरते. तू काही एकटी नाहीस. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांत बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्या २४ टक्के होत्या. कंबर-नितंबांचं प्रमाण धोक्याच्या रेषेवर, म्हणजे ०.८५ किंवा जास्त, असलेल्या तब्बल ५७ टक्के. या दोन आकड्यांच्या मधल्या बायका काट्यावर दिसतच नाहीत.

पाळी आणि केस यावरून पीसीओएसची (अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची) शंका येते. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट, आणि साखर नुसती उपाशीपोटी न बघता ग्लुकोज पिऊन दोन तासांनीही बघायला सांग. पीसीओएसमध्ये नुसती सकाळची साखर बऱ्याचदा फसवते. लिपिड (ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल वगैरे) आणि रक्तदाब हवाच. हिमोग्लोबिनही बघ. लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच वाढलेलं दिसू शकतं, आणि आपल्या मुलींत लोह कमी असणं ही रोजची गोष्ट.

डाएट नको. सत्तेचाळीस किलोतून तू घटवणार काय, स्नायूच ना? ते आधीच कमी आहेत. डाळ, दही, अंडी, चालत असतील तर मासे वाढव आणि वजनं उचल. हातात दोन-दोन किलोची गुलाबी डंबेल घेऊन फोटो काढण्यापुरती नाही, दहाव्यांदा उचलताना जड वाटेल एवढी. शिकवणारा कुणी असेल तर उत्तम.

प्रश्न : वय ७१, कोपरी. वजन पूर्वीपेक्षा सहा किलो कमी झालंय, हात-पाय काड्या झालेत, पण पोट जात नाही. बीपीची गोळी चालू आहे, बीपी १२२ असतं. उंची १५४ (जुन्या पासपोर्टावरून). मुलगी म्हणते डेक्सा स्कॅन करून चरबी मोजून घेऊ. करू का?

उत्तर : काकू, चरबीसाठी नको. चरबी मोजायला डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडं आणि चरबी मोजणारं स्कॅन, चांगलं, घरच्या मशीनपेक्षा पुष्कळच भरवशाचं, पण तो आकडा कळून तुमच्या औषधात काहीच बदलणार नाही. सहा किलो कसे गेले, ते आधी महत्त्वाचं. सहज, न ठरवता गेले असतील तर डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. त्याचं कारण शोधावं लागतं. वयाने स्नायू झिजतात आणि पोट तसंच राहतं, हेही होतं. पण ते कारण शेवटी धरायचं, आधी नाही.

बीपी १२२ हे गोळीमुळे आहे, म्हणून रक्तदाबाचा निकष तुम्हाला लागू होतो. गोळी बंद करू नका. साखर आणि लिपिड वर्षभरात झालं नसेल तर करून घ्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं रोज दहा वेळा, शेजारी कुणी असताना. मासे-अंडी खात नसाल तर रोज एक वाटी घट्ट वरण जास्तीचं.

आणि मुलीला सांगा, डेक्सा जरूर करू, पण हाडांसाठी. पासष्टीनंतर बायकांनी ते एकदा करावंच. जाण्याआधी दवाखान्यात उंची मोजून घ्या, पासपोर्टवरची सांगू नका. ती चार सेंटिमीटरने कमी भरली तर पाठीचा मणका कुठे दबलाय का, याचा एक्स-रेही डॉक्टर सांगतील.